वाचक विचारतात : दूध वाढवणारा चहा आणि चालू असलेली औषधे

अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी बाजारात मिळणारे वनौषधींचे चहा, घरी उकळलेले काढे आणि बाळंतिणीचे लाडू नेहमीच्या गोळ्यांबरोबर घेतले तर चालतात का, असे विचारणारी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. प्रत्येक उत्तराला लागू पडणारी एक गोष्ट आधीच सांगते. फोडणीत चिमूटभर पडते ती मेथी अन्न आहे. तीच मेथी पूड करून दिवसातून तीन वेळा चमचा-चमचा घेतली की तिची मात्रा औषधाची होते, आणि मग ती दुसऱ्या औषधाच्या कामात ढवळाढवळ करू शकते. म्हणून डॉक्टरांनी “कोणती औषधे चालू आहेत?” असे विचारले की चहा, काढा, कल्प आणि लाडू यांचीही नावे सांगावीत. “ते तर घरचेच आहे” म्हणून ती गाळू नयेत.

प्रश्न : गरोदरपणात मला मधुमेह झाला आणि बाळंतपणानंतरही साखर पूर्ण उतरली नाही. मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू आहेत व रात्री इन्सुलिन घेते. सासूबाई सकाळी मेथीचा लाडू आणि दुधातून शतावरी कल्प देतात. नणंदेने दूध वाढवणाऱ्या चहाचे पाकीट आणले आहे. त्यात मेथी, बडीशेप, शतावरी आणि जिरे आहे. हा चहा मी दिवसातून चार वेळा घेते. गेल्या आठवड्यात दोनदा पहाटे दरदरून घाम आला आणि हात थरथरले. हे चहामुळे असेल का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही वर्णन केलेली लक्षणे रक्तातील साखर एकदम उतरल्याची असावीत असे धरूनच वागायला हवे. पुन्हा असे झाले तर लगेच ग्लुकोमीटरवर साखर मोजा. ती ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, किंवा मोजण्याइतकाही वेळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि मग काहीतरी खाऊन घ्या. बाळ मांडीवर असेल तर आधी त्याला सुरक्षित जागी ठेवा. इन्सुलिनची मात्रा ठरवणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका.

आता कारणाविषयी. पाजण्यामुळेच आईची साखर खर्च होते. दिवसाला पाऊण लिटर दूध तयार होत असेल तर त्यात पन्नास ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा जाते आणि ती आईच्या रक्तातील साखरेपासूनच बनते. त्यामुळे बाळंतपणानंतर इन्सुलिनची गरज आधीच घटलेली असते, आणि रात्री दोन-तीन वेळा पाजून उपाशीपोटी झोपलेल्या आईची साखर पहाटे खाली येण्याचा धोका वाढतो. त्यात मेथीची भर पडते. मेथीच्या दाण्यातील चिकट तंतू अन्नातील साखर रक्तात हळूहळू उतरू देतात आणि दाण्यातील एक अमिनो आम्ल स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला प्रवृत्त करते, असे प्रयोगांत आढळले आहे. मधुमेहावरील अभ्यासांत मेथीची मात्रा साधारणपणे रोज ५ ते २५ ग्रॅम असते, आणि चहाचा एक चमचा मेथी म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम. लाडू आणि चहा यांची बेरीज केली तर तुम्ही त्या मात्रेत पोहोचत असण्याची बरीच शक्यता आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा एवढी उतरत नाही. इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी सोबत असली की मात्र ही बेरीज त्रासदायक ठरते.

शतावरी कल्पाची गोष्ट उलटी आहे. कल्पाच्या दाणेदार पुडीत वजनाने सर्वांत मोठा वाटा साखरेचा असतो, म्हणून सकाळी दूध आणि कल्प घेतल्यावर तुमची साखर चढत असेल. सकाळी चढलेला आकडा पाहून डॉक्टरांनी रात्रीचे इन्सुलिन वाढवले आणि पहाटे ती साखर कोसळली, असेही घडू शकते. म्हणूनच या सगळ्याची माहिती त्यांना असायला हवी. तूर्त पाकिटातला चहा आणि कल्प थांबवा, आठवडाभर उपाशीपोटीची, जेवणानंतर दोन तासांची आणि जमल्यास पहाटे तीनची साखर लिहून ठेवा, रात्री पाजण्यापूर्वी थोडे दूध किंवा अर्धी भाकरी खा. इन्सुलिन मनाने बंद करू नका आणि पाजणेही थांबवू नका. मेटफॉर्मिन दुधात अगदी थोडे उतरते आणि पाजणाऱ्या मातांना ते दिले जाते. सासूबाई प्रेमाने लाडू देत आहेत, त्यामुळे त्यांना दुखवण्याचे कारण नाही. रोज अर्धाच लाडू, ठरलेल्या वेळी आणि डॉक्टरांना सांगून, असे त्यांच्याशी बोलून ठरवता येईल.

प्रश्न : माझ्या मुलीच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेली आहे आणि रक्त पातळ ठेवणारी असिनोकुमारॉलची गोळी चालू आहे. ती बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. आमच्याकडे बाळंतिणीला शेपूची आणि मेथीची भाजी, लसणाची चटणी, सुंठीची पूड आणि मेथीचे लाडू आवर्जून देतात. तिला यातले काय चालेल? आणि गोळी चालू असताना तिने बाळाला अंगावर पाजावे का?
एक आई, सांगली

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्या भीतीने पाजणे बंद झालेले किंवा, त्याहून वाईट म्हणजे, गोळी बंद झालेली मी पाहिली आहे. असिनोकुमारॉल आणि त्याच जातीचे वॉरफेरिन ही दोन्ही औषधे दुधात जवळजवळ उतरत नाहीत, म्हणून तिने नि:शंक पाजावे. बाळाला जन्मल्यावर ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळाले होते ना, एवढे रुग्णालयाच्या कागदांत पाहून घ्या. गोळी एक दिवसही चुकवू नये, कारण धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी बसली तर जिवावर बेतते.

खाण्याच्या बाबतीत तुमच्या यादीत दोन परस्परविरुद्ध ओढी आहेत. या गोळ्या यकृतातील ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवून रक्त गोठणे मंदावतात. शेपू, मेथी, पालक अशा हिरव्या पानांत हे जीवनसत्त्व भरपूर असते, त्यामुळे एरवी पालेभाजी फारशी न खाणाऱ्या मुलीला माहेरी रोज वाटीभर पालेभाजी मिळू लागली की गोळीचा जोर कमी पडतो. याउलट मेथीचे दाणे, लसूण आणि सुंठ मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, अशी शंका आहे. वॉरफेरिन घेणाऱ्या एका रुग्णाचा वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध झाला होता. मेथी आणि बोल्डो नावाची वनस्पती घेत असताना त्या रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीचा आकडा; तो वाढला की रक्त जास्त पातळ) वाढला, दोन्ही थांबवल्यावर साधारण आठवड्याभरात खाली आला आणि पुन्हा सुरू केल्यावर पुन्हा वाढला. दोन वनस्पती एकत्र असल्याने दोष कोणाचा हे त्यावरून ठरत नाही आणि एका रुग्णावरून नियमही काढता येत नाही. तरीही ज्या औषधात थोडा फरकही महागात पडतो, तेथे अशी नोंद बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. मेथीचे पान आणि मेथीचा दाणा या गोळीला दोन वेगळ्या दिशांना ओढू शकतात, एवढे लक्षात ठेवा.

माझा सल्ला असा की पालेभाजी बंद करू नका, पण तिचे प्रमाण ठरवा आणि रोज तेवढीच द्या. गोळीची मात्रा त्या आहाराला जुळवून घेता येते, आज वाटीभर आणि उद्या काहीच नाही अशा आहाराला जुळवता येत नाही. भाजी-आमटीच्या फोडणीतला लसूण आणि चवीपुरती सुंठ चालेल. मेथीची पूड, मेथीच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या आणि दूध वाढवण्याचा पाकिटातला चहा मात्र तिला देऊ नका. माहेरी येऊन आहार बदललाच आहे, तेव्हा आठवड्याच्या आत आयएनआर करून घ्या आणि तो स्थिर होईपर्यंत डॉक्टर सांगतील तितक्या वेळा करा. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर निळे डाग उमटणे, काळी शौचास होणे किंवा बाळंतपणानंतरचा स्राव अचानक वाढणे ही रक्त जास्त पातळ झाल्याची लक्षणे आहेत. धाप लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे किंवा झडपेचा नेहमी ऐकू येणारा टिकटिक आवाज बसणे ही उलट बाजूची लक्षणे आहेत. यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब हृदयरोग विभाग असलेले रुग्णालय गाठा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी परस्पर देऊ नका.

प्रश्न : या चहाने दूध खरोखर वाढते का?
एक वाचक, पुणे

उत्तर : वाढत असल्यास किती, हे खात्रीने सांगता येण्याइतका पुरावा आज नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२० साली दूध वाढवणाऱ्या औषधांचे आणि वनस्पतींचे उपलब्ध प्रयोग एकत्र तपासले. काहींत दूध थोडे वाढलेले दिसले, पण पुराव्याचा दर्जा कमी असल्याने नेमका निष्कर्ष काढता आला नाही. शतावरीवरचे छोटे अभ्यासही एकमेकांशी जुळत नाहीत. दूध वाढण्याचा मुख्य मार्ग स्तन वारंवार आणि नीट रिकामा होणे हा आहे. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते आणि त्याने स्तनाग्राबरोबर भोवतीचा काळा भागही तोंडात घ्यावा लागतो. दूध कमी आहे असे वाटणाऱ्या अनेक मातांना ते पुरेसे असते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि दोन आठवड्यांत त्याचे वजन जन्मवजनाला पोहोचले असेल, तर दूध पुरते आहे. तसे होत नसेल तर चहावर आठवडा घालवण्याऐवजी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मला थायरॉइडची गोळी चालू आहे, शिवाय लोहाची आणि कॅल्शियमचीही. सकाळी उठल्याउठल्या रात्री भिजवलेल्या मेथीचे पाणी पिते आणि त्याबरोबरच थायरॉइडची गोळी घेते. परवाच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की वाढणारा आकडा) वाढलेला आला. आता आई म्हणते की अश्वगंधा असलेला बाळंतिणीचा चहा घे, अशक्तपणा जाईल.
एक वाचक, ठाणे

उत्तर : थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, नुसत्या पाण्याबरोबर उपाशीपोटी घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काहीही खायचे-प्यायचे नसते. मेथीच्या बुळबुळीत तंतूंबरोबर ती घेतली तर तिचे शोषण कमी होण्याची शक्यता आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत मेथीच्या अर्काने थायरॉइडचे एक संप्रेरक घटलेलेही आढळले होते, पण ते माणसाला तसेच लागू होते असे मी म्हणणार नाही. लोह आणि कॅल्शियम यांचा अडथळा मात्र निश्चित आहे आणि तुमच्या बाबतीत संशयही मला त्यांच्यावरच अधिक आहे. सरकारी कार्यक्रमानुसार बाळंतपणानंतर १८० दिवस लोह-फॉलिक अॅसिडची रोज एक गोळी आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा दिली जाते. या गोळ्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवाव्या लागतात, शिवाय एकमेकींपासूनही काही तास दूर. सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, सातला चहा-नाश्ता, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, चार-पाचच्या सुमारास लोह आणि रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरे कॅल्शियम, असे वेळापत्रक बहुतेक घरांत जमते. लोहाच्या आगेमागे तासभर नेहमीचा चहा नको. मेथीचे पाणी घ्यायचेच असेल तर संध्याकाळी उशिरा घ्या.

अश्वगंधा मात्र घेऊ नका. तिने थायरॉइड संप्रेरकांचे प्रमाण वाढू शकते, त्यामुळे गोळीची मात्रा ठरवताना गोंधळ होतो. शिवाय ती घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि अंगावर पिणाऱ्या बाळावर तिचा काय परिणाम होतो याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. वेळा सुधारल्यावर सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. अशक्तपणासाठी त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहून घ्या.

प्रश्न : सुनेचा रक्तदाब बाळंतपणाच्या वेळी वाढला होता आणि आजही लॅबेटॅलॉलची गोळी चालू आहे. मी तिला बडीशेप, बाळंतशोपा, ओवा आणि ज्येष्ठमध यांचा काढा रोज दोन वेळा देते. आमच्या घरी हा काढा पूर्वीपासून आहे. रक्तदाब अजून उतरत नाही.
एक आजी, कोल्हापूर

उत्तर : आजी, तुमच्या काढ्यातून ज्येष्ठमध आजपासून काढून टाका. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडातील एक विकर अडवते. त्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो. गोळी तो खाली आणू पाहते, काढा वर ढकलतो. रोज घ्यायचे झाल्यास या द्रव्याचे प्रमाण १०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असे युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २००३ साली सुचवले होते. मुळीत ते चार टक्के धरले तर अडीच ग्रॅम पुडीतच, म्हणजे लहान चमचाभर पुडीतच, एवढे भरते. आणि ही मर्यादा निरोगी माणसासाठी होती. लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडसारखी गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर पोटॅशियम घटल्याने हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोकाही असतो. खोकल्याच्या चाटणात आणि घशासाठी चघळायच्या कांड्यांतही ज्येष्ठमध असतो, तेही टाळा. काढा थांबवल्यावर परिणाम ओसरायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात, म्हणून रोज रक्तदाब मोजून लिहून ठेवा आणि वही डॉक्टरांना दाखवा. १६०/११० किंवा त्याहून जास्त आकडा, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा पोटाच्या वरच्या उजव्या भागात दुखणे, यांपैकी काही झाले तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत ही काळजी घ्यावी लागते.

बडीशेप आणि बाळंतशोपा जेवणानंतर चिमूटभर चघळायला देत असाल तर माझी हरकत नाही. रोज तांब्याभर काढा करून मात्र देऊ नका. या बियांच्या तेलात इस्ट्रॅगोल नावाचे द्रव्य असते. मोठ्या मात्रेत ते प्राण्यांना अपायकारक ठरल्यामुळे युरोपातील औषध यंत्रणा पाजणाऱ्या मातांना बडीशेपेच्या औषधी चहाची शिफारस करत नाही.

प्रश्न : सिझेरियननंतर टाक्यांच्या जागी पू झाल्याने पत्नीला मेट्रोनिडॅझोल चालू आहे. दशमूलारिष्टही रोज देतो. दोन्ही चालेल का?
एक वाचक, लातूर

उत्तर : मेट्रोनिडॅझोल चालू असेपर्यंत आणि ते संपल्यावर तीन दिवस दशमूलारिष्ट देऊ नका. आसवे आणि अरिष्टे आंबवून केलेली असल्याने त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो. दशमूलारिष्टात तो साधारण ५ ते १० टक्के असतो आणि बाटलीवर तसे छापलेलेही असते. मेट्रोनिडॅझोलबरोबर मद्यार्क गेल्यास मळमळ, उलटी, चेहरा लाल होणे आणि धडधड असा त्रास होऊ शकतो. ही प्रतिक्रिया किती जणांना होते याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण टाके असलेल्या बाईला उलट्यांचे निमित्त द्यायचेच कशाला? औषध किंवा काढा घेतल्यावर काही विपरीत घडले तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या नि:शुल्क क्रमांकावर तुम्ही स्वत:ही कळवू शकता.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथे मिळणाऱ्या दूध वाढवण्याच्या चहात मेथी, बडीशेप, ब्लेस्ड थिसल आणि गोट्स रू असे घटक आहेत. मी दिवसाला सात-आठ मोठे मग पिते. मला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. दोन दिवसांपासून तीन आठवड्यांचे बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपते, ओढून पीत नाही आणि त्याच्या लंगोटाला गोड, पाकासारखा वास येतो.
एक वाचक

उत्तर : हे पत्र हाती आले त्याच दिवशी मी तुम्हाला थेट उत्तर पाठवले, इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून येथे छापत आहे. नीट न पिणारे आणि मलूल झालेले तीन आठवड्यांचे बाळ त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांनी पाहायला हवे, मग कारण चहा असो वा संसर्ग. गोड वास मेथीचा असू शकतो, कारण मेथीतील सुगंधी द्रव्य आईच्या आणि बाळाच्या घामा-लघवीत उतरते. पण तसाच वास एका दुर्मीळ आणि गंभीर चयापचय विकारातही येतो. अमेरिकेत नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तावरून त्याची तपासणी होते, तिचा निकाल विचारून घ्या आणि आपण मेथी घेतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे निदान भरकटणार नाही.

तुमच्या पत्राशी बरेच मिळतेजुळते प्रकरण इटलीतून १९९४ साली नोंदले गेले. दोन माता ज्येष्ठमध, बडीशेप, अॅनिस आणि गोट्स रू यांचा चहा दिवसाला दोन लिटरपेक्षा जास्त पीत होत्या. त्यांची नवजात बाळे सुस्त आणि ढिली पडली, उलट्या करू लागली आणि त्यांचे रडणेही क्षीण झाले. चहा आणि दूध काही काळ थांबवल्यावर दीड दिवसाच्या आत ती सुधारली. तेव्हा हा चहा आजच बंद करा. पाजण्याचे काय करायचे ते डॉक्टर बाळाला तपासून सांगतील. तोपर्यंत पंपाने दूध काढत राहा, म्हणजे ते आटणार नाही.

पुढेही हे मिश्रण तुम्ही घेऊ नये. मेथी आणि शेंगदाणा दोन्ही शेंगवर्गातील आहेत आणि एकाची अॅलर्जी असणाऱ्यांना दुसऱ्याचीही झाल्याच्या नोंदी आहेत. ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे किंवा दम लागणे असे काही झाले असेल तर तेही सांगा. ब्लेस्ड थिसल हे शेवंती-झेंडूच्या कुळातील असल्याने त्या फुलांचे परागकण न सोसणाऱ्यांना त्रास देऊ शकते. गोट्स रू ही वनस्पती युरोपात पूर्वी मधुमेहावर वापरली जात असे; तिच्यातील साखर उतरवणाऱ्या द्रव्यांच्या अभ्यासातूनच पुढे मेटफॉर्मिन आले आणि १९५७ पासून ते रुग्णांना दिले जाऊ लागले. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आईला ही वनस्पती म्हणजे न मोजलेली जास्तीची मात्रा ठरते. अमेरिकेत असे चहा अन्न किंवा पूरक आहार म्हणून विकले जातात आणि विक्रीपूर्वी त्यांना औषधासारखी मंजुरी घ्यावी लागत नाही. अनेक पाकिटांवर मिश्रणाचे एकूण वजन असते, प्रत्येक वनस्पतीचे वेगळे नसते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसते नाव सांगण्यापेक्षा पाकीटच बरोबर न्या, एका मगात किती पुड्या घालत होता आणि तो चहा कोणत्या तारखेपासून सुरू केला ते त्यावर लिहा आणि उरलेल्या पुड्या बाळाचे निदान होईपर्यंत फेकू नका.